फ्यूजला मरू द्या!

फ्यूज उडाला की आपल्या लोकांना राग येतो तो फ्यूजचा. बिचारा वायरीसाठी प्राण देतो, आणि तो का गेला याची साधी चौकशीसुद्धा कुणी करीत नाही. उलट ‘पुन्हा जाता कामा नये’ म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. असं करणाऱ्याला आळीत ‘डोकेबाज’ म्हणत. हल्ली त्याला जुगाड म्हणतात आणि त्यावर व्याख्यानं होतात! मी बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतला. या डोकेबाजांशी माझा उभा दावा आहे.

घरात हा प्रकार एक वेळ निभावतो. आग लागली तर माणूस निदान रस्त्यावर येतो. होडीवरून कुठे येणार?

होडीचं म्हणायचं कारण, देवगडला माझ्या मामेभावाची वडिलांच्या वेळची लाकडी होडी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. तेव्हा तिचं वायरिंग बदलायला मी गेलो. सुकाणूशेजारची फळी उघडली आणि दोन पिढ्यांचं डोकं एकदम बाहेर पडलं. स्विच दिवाणखान्यातले. सांधे पिळलेले, वर चिकटपट्टी, आत तांबं खाऱ्या हवेनं हिरवंगार. फ्यूज तीन. एकात चांदी, दुसऱ्यात स्कूटरच्या क्लचची तार आणि तिसऱ्यात खिळा. खिळा! तो वितळायच्या आत होडीचा कोळसा व्हायचा.

“दादा, बारा व्होल्ट ता,” भाऊ म्हणाला. “हात लावलंस तरी शॉक लागणा नाय. कित्याक खर्च?”

हेच ते! शॉक नाही म्हणजे धोका नाही. अहो, साठ वॉटचा दिवा घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेतो, तोच बारा व्होल्टवर पाच अँपिअर. वीसपट. आणि वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गानं. त्याच वायरीत, त्याच कुजक्या सांध्यात जवळजवळ चारशे पट उष्णता. शिवाय बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर ती शेकडो अँपिअर ओकते. बॅटरीला दया नाही.

घरातल्या स्विचची गोष्ट तशीच. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विचमधली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या विजेला ही विश्रांती ठाऊक नाही. त्यात तो स्विच सहा अँपिअरचा, आणि पाणी उपसायच्या पंपात कचरा अडकला की मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. पण दिसायला छान, पांढरा!

फ्यूज ठरतो वायरीच्या जाडीवरून, मालकाच्या सोयीवरून नव्हे. आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळ हवा. फळीवर तीन फ्यूज लावून बॅटरीपासून फळीपर्यंतची वायर उघडी सोडायची, म्हणजे खोल्यांना कुलपं आणि दिंडी दरवाजा सताड.

खर्चाचं म्हणाल, तर त्याच होडीवर मासे शोधायचं नवं यंत्र होतं, रंगीत पडद्याचं. त्याला पैसे होते! त्याची वायर मात्र त्या खिळ्यातून जात होती. आपल्याकडे पडदा दिसतो म्हणून त्याला पैसे मिळतात. वायर फळीमागे असते.

आठ दिवस लागले. कल्हई केलेल्या तांब्याची वायर, दाबून बसवलेली टोकं, बॅटरीचे स्विच, प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज आणि खाली मराठीत नावं: ‘पंप’, ‘डोलकाठीचा दिवा’, ‘वायरलेस’. नावं लिहिताना शेजारचे एक डोकेबाज म्हणाले, “आमका पाठ असता.” रात्री, धुरात, मालक तापानं घरी आणि होडीवर त्याचा पोरगा, तेव्हा कुणाला पाठ असतं?

ऑगस्टात होडी पाण्यात गेली आणि चौथ्या दिवशी भावाचा फोन.

“तुझो फ्यूज गेलो!”

“कुठला?”

“पंप लिवलला तो.”

पंप काढायला लावला. आत जाळ्याची हातभर दोरी गुंडाळलेली. दोरी निघाली, नवा फ्यूज बसला, पंप फिरला.

“दादा, आता दहाच्या जागी पंधराचो घालू? मगे परत जावचो नाय.”

घाल म्हटलं, मिळाला तर. दुकानदारानं चुकून दिलेलं पंधराचं अख्खं पाकीट मी येताना पुण्याला घेऊन आलो होतो.