लाल दिव्याची किल्ली कोणाकडे?

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. चौकात चिटपाखरू नसते, चारही रस्ते मोकळे असतात आणि लाल दिवा मात्र नव्वदापासून एकेक आकडा उतरवीत असतो. अशा वेळी थांबणारा माणूस विरळाच. चुकून कोणी थांबलाच, तर मागचा दुचाकीवाला भोंगा वाजवून त्याला वेड्यात काढतो आणि बाजूने निघून जातो. मग आपण म्हणतो, आपल्या लोकांना शिस्तच नाही. ते खोटे आहे असे नाही. पण ज्या दिव्यापुढे माणसाने थांबावे अशी अपेक्षा आहे, त्या दिव्याला तरी काही अक्कल आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

हिंगोलीत बसून पुण्या-मुंबईच्या सिग्नलची चिंता कशाला, असे काही वाचक म्हणतील. एक तर आपली निम्मी पोरे आज तिकडेच आहेत. पुणे, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद; कोणी शिकायला, कोणी नोकरीला. त्यांच्या आयुष्याचा रोजचा तासभर त्या चौकांत जातो. दुसरे म्हणजे १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, तेव्हापासून कचेऱ्या आल्या, दवाखाने आले, शिकवण्या आल्या. घरटी एक असलेली दुचाकी माणशी एक होऊ लागली. रस्ते मात्र पुष्कळसे तालुक्याच्या गावाचेच राहिले. मोठ्या शहरांनी जी चूक लाखो वाहने झाल्यावर ओळखली, ती आपण आधीच टाळू शकतो.

वाहतुकीच्या दिव्याचे मूळ रेल्वेत आहे. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या जवळ रेल्वेच्या सिग्नलसारखाच, वायूवर जळणारा लाल-हिरवा दिवा उभा केला होता. एक पोलिस तो हाताने फिरवीत असे. महिनाभरातच वायूचा स्फोट होऊन तो बिचारा भाजला आणि प्रयोग आटोपला. विजेचा दिवा १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला आला, तोही पोलिसच चालवीत असे. यातली गोम अशी, की त्या पोलिसाला डोळे होते. समोरून प्रेतयात्रा आली, शाळा सुटली, बैलगाडीचा जू अडकला, तर तो हात दाखवून थांबवी वा सोडी. पुढे पोलिस गेला आणि घड्याळ राहिले. घड्याळाला डोळे नसतात, म्हणून ते लावणाऱ्याला तरी असावे लागतात.

हे घड्याळ कसे लावावे याचे शास्त्र आहे, आणि ते फार अवघडही नाही. प्रत्येक वेळी दिवा बदलताना तीन-चार सेकंद फुकट जातात. थांबलेले थांबलेलेच असतात आणि सुटणारे अजून सुटलेले नसतात. म्हणून गर्दीच्या वेळी दिवा थोडा जास्त वेळ हिरवा ठेवणे शहाणपणाचे. पण गर्दी नसताना तीच वेळ ठेवली की सगळे फसते. चार रस्त्यांना पंचेचाळीस-पंचेचाळीस सेकंद दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एकशे पस्तीस सेकंदांचे थांबणे येते. समोरच्या रस्त्यावरचे तीन ऑटो दहा सेकंदांत निघून जातात आणि उरलेली पस्तीस सेकंदे हिरवा दिवा मोकळ्या डांबराला वाट देत बसतो. वीस-वीस सेकंद केले असते, तर मिनिटभरात काम झाले असते. वेबस्टर नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५८ मध्येच याचे गणित मांडून ठेवले. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ मध्ये सिग्नलसाठी मार्गदर्शक नियमावली काढली. सकाळ, दुपार, रात्र अशा निरनिराळ्या वेळा लावण्याची सोय आजच्या यंत्रांत असतेच. रात्री नुसता पिवळा लुकलुकता दिवा ठेवण्याचीही असते. कमी आहे ती चौकात उभे राहून वाहने मोजणाऱ्या माणसाची. एकदा कधीतरी कोणीतरी मोजलेले असते. नंतर त्या रस्त्यावर महाविद्यालय निघते, भाजीबाजार हलतो, शेजारी उड्डाणपूल होतो, आणि दिवा जुन्याच हिशेबाने चालू राहतो.

वाहनवाल्याचे नुकसान वेळेचे आणि पेट्रोलचे. पायी चालणाऱ्याचे त्याहून मोठे आहे, आणि त्याच्याविषयी बोलणारे थोडे. रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा याचा हिशेब करताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. वीस मीटरच्या रस्त्याला साधारण सतरा सेकंद. तरण्याताठ्याला ठीक आहे. पण गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला पंचवीस सेकंद लागतात. म्हणजे शेवटची आठ सेकंदे ती सुटलेल्या गाड्यांसमोर असते. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाई एका मोठ्या शहरात मुलाकडे राहायला गेल्या. समोरच्या देवळात जायचे म्हणजे एक चौक ओलांडायचा. दोन दिवस प्रयत्न केला, तिसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅलरीतूनच कळसाला नमस्कार करायला सुरुवात केली. मुलाला वाटले, आईला तिथे करमत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईत दादर भागातल्या सिग्नलवर चालत्या पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती लावली, त्याचे कौतुक झाले. चांगलेच झाले ते. पण त्या आकृतीला रस्ता ओलांडायला पुरेसे सेकंद मिळतात का, हेही कोणीतरी पाहावे.

मुंबई पोलिसांनी याच सुमारास आणखी एक गमतीचा प्रयोग केला होता. काही सिग्नलना आवाज मोजण्याचे यंत्र जोडले आणि भोंग्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याची चित्रफीत घरोघर पाहिली गेली, आपणही हसलो. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. लोकांना शिक्षा करायची ठरल्यावर दिव्याची वेळ बदलता आली. मग लोकांची सोय करायची म्हटल्यावर ती का बदलत नाही?

याचे एक कारण कारभारात आहे. बहुतेक शहरांत दिवे बसवायचे व दुरुस्त करायचे पालिकेने, आणि वाहतूक चालवायची पोलिसांनी. यंत्राचा ठेकेदार तिसराच. तक्रार घेऊन गेले की पालिका म्हणते, वेळ पोलिस ठरवतात. पोलिस म्हणतात, यंत्र पालिकेचे. माणूस दोन हेलपाटे घालतो आणि तिसऱ्या दिवसापासून सिग्नल तोडायला शिकतो. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून वाहने मोजून आपोआप वेळ बदलणारी यंत्रणा बसवली गेली. तिच्यावरूनही वाद झालेच. यंत्र कितीही हुशार असो, त्याला विचारणारा धनी एकच हवा.

रेल्वेच्या फाटकाशी तुलना करून पाहा. फाटकावर आपणही तोंडाने पुटपुटतो, पण बहुधा थांबतो. बंद फाटक उघडणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. आपण थांबतो ते गाडी खरोखर येणार आहे म्हणून. जिथे इंटरलॉकिंग आहे, तिथे फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. थांबवण्यामागे कारण असते आणि ते दोन मिनिटांत धडधडत समोरून जाते. चौकातल्या लाल दिव्यामागचे कारण मात्र दिसत नाही, पुष्कळदा ते नसतेच.

आपल्या जिल्ह्याची वाहतूक तर घड्याळापेक्षा पंचांगावर चालते. हळदीच्या हंगामात बाजार समितीच्या वाटेवर ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागते. दसऱ्याला रामलीला मैदानाकडे सारा जिल्हा लोटतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला औंढ्याचा रस्ता भरतो. आठवडी बाजाराचा दिवस निराळा, लग्नतिथीचा निराळा. येथे वर्षभर एकच आकडा लावून ठेवणे म्हणजे पेरणीला आणि काढणीला सारखेच मजूर सांगण्यासारखे आहे.

तेव्हा कोणत्याही चौकात दिवे बसतील किंवा दुरुस्त होतील, तेव्हा नागरिकांनी तीन गोष्टी मागाव्यात. वाहने आणि पादचारी वर्षातून निदान दोनदा मोजावेत, त्यातले एक मोजमाप हंगामातले असावे. रात्री दहानंतर पिवळा लुकलुकता दिवा ठेवावा. आणि खांबावर एक लहान पाटी लावावी: वेळ शेवटची कधी तपासली ती तारीख, आणि यंत्राच्या पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या अधिकाऱ्याचे पद व कचेरीचा दूरध्वनी. उद्घाटनाच्या कोनशिलेवर जेवढी नावे कोरतात, त्याच्या मानाने ही पाटी अगदीच स्वस्तात होईल.