पौलाच्या नावावर लागलेले पत्र आणि 'बरोबर उत्तर' ठरवण्याचा अधिकार

#धागा #इतिहास

१६ नोव्हेंबर २०२२. 'जेपर्डी!' या अमेरिकी प्रश्नमंजूषेतील विजेत्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. शेवटचा, लेखी उत्तराचा प्रश्न बायबलच्या नव्या करारावर आला. पौलाने ज्यांना लिहिले त्यांपैकी कोणाला लिहिलेल्या पत्रात जुन्या करारातील अवतरणे सर्वाधिक आहेत, असा त्याचा आशय. एका स्पर्धकाने 'रोमकर' लिहिले. ते चूक ठरले. दुसरीने 'इब्री' लिहिले. ते बरोबर ठरले.

त्या रात्रीपासून या कार्यक्रमाच्या चाहत्यांत जे रण पेटले, त्याची बाहेरच्या लोकांनी यथेच्छ टिंगल केली. "अहो, खेळ आहे तो. एवढे काय त्यात?" असा एकूण सूर. हा धागा त्या सुराविरुद्ध आहे. चाहत्यांची तक्रार क्षुल्लक नव्हती. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जी गोष्ट शिकवली जाते आणि परीक्षा संपताच विसरली जाते, नेमकी तीच ते मागत होते: हे कशावरून?

आता पुरावा पाहू. नव्या करारातील तेरा पत्रांच्या आरंभी पौलाचे नाव आहे. 'इब्री लोकांस पत्र' यात ते नाही. आरंभी नाही, शेवटी नाही, मध्येही नाही. शिवाय दुसऱ्या अध्यायात पत्रलेखक सांगतो की तारणाची वार्ता प्रभूकडून ज्यांनी ऐकली, त्यांच्याकडून ती आपल्यापर्यंत पोहोचली. उलट गलतीकरांस लिहिताना पौल ठामपणे बजावतो की आपल्याला ही सुवार्ता कोणा माणसाकडून मिळालेली नाही. एकच माणूस ही दोन्ही विधाने करील काय? ग्रीक भाषेची घडण वेगळी आहे, हा मुद्दा तर निराळाच.

आणि ही शंका काही आधुनिक विद्यापीठांनी काढलेली खुसपट नव्हे. तिसऱ्या शतकातील ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच हे पत्र नक्की कोणी लिहिले ते देवालाच ठाऊक, असा अभिप्राय देऊन ठेवला आहे. आज बायबलचे बहुतेक अभ्यासक हे पत्र पौलाचे मानत नाहीत.

मग निकालाला आधार कोणता? समर्थकांनी बोट दाखवले ते १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीकडे. तिच्यातील शीर्षकात हे पत्र पौलाचे म्हटले आहे. म्हणजे मजकुराला जे ठाऊक नाही ते मथळ्याला ठाऊक! आपल्याकडे एखाद्या बखरीच्या वेष्टनावर कोणी नंतर लिहून ठेवलेल्या नावावरून तिचा कर्ता ठरवावा, तसा हा प्रकार.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. परंपरेची बाजू अगदी पोकळ नाही. इ. स. २०० च्या सुमाराचे मानले जाणारे 'पी ४६' हे पपायरस हस्तलिखित या पत्राला पौलाच्या पत्रांतच, रोमकरांस पत्राच्या लगेच पुढे, जागा देते. पण परंपरा जुनी असणे ही एक गोष्ट झाली आणि ती खरी असणे ही दुसरी. हस्तलिखितावरून इतकेच सिद्ध होते की त्या काळी काही लोक हे पत्र पौलाचे समजत होते. 'समजत होते' आणि 'होते' या दोन क्रियापदांमधल्या अंतरात इतिहास नावाचे सगळे शास्त्र उभे आहे.

अवतरणे मोजण्याचा घोळ त्याहून वेगळा. उघड अवतरणच मोजायचे की नुसता उल्लेखही धरायचा, यावर आकडे बदलतात आणि काही गणनांत रोमकरांस पत्रच पुढे जाते. तेव्हा चूक ठरलेल्या उत्तराची बाजू दोन्ही अंगांनी भक्कम होती.

आता "खेळ आहे, सोडा" या युक्तिवादाकडे वळू. तो करणाऱ्यांना या खेळाचाच इतिहास ठाऊक नसतो.

१९५६ च्या डिसेंबरात 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक १९५५ च्या सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करचे उत्तर चुकला. उत्तर होते 'मार्टी'. स्टेम्पेलने तो चित्रपट पाहिलेला होता आणि उत्तरही त्याला येत होते. पण निर्मात्यांनी त्याला हरायला सांगितले होते. त्याची जागा घेणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा, कुलीन तरुण अध्यापक देशाचा लाडका झाला, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने काँग्रेसच्या उपसमितीपुढे कबुली दिली की आपल्याला प्रश्न आणि उत्तरे आधीच पुरवली जात होती. १९६० मध्ये कायदा झाला. तेव्हापासून अमेरिकेत प्रेक्षकांना फसवण्यासाठी प्रश्नमंजूषेचा निकाल आधी ठरवणे हा गुन्हा आहे.

'जेपर्डी!'चा जन्म याच बदनामीच्या सावलीत झाला. स्पर्धकांना उत्तरे पुरवली म्हणून बोंब झाली ना, मग सरळ उत्तरच द्या आणि प्रश्न त्यांना विचारू द्या, ही कल्पना निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नी जुलॅन यांनी सुचवली. मार्च १९६४ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. आजही तेथे स्पर्धक 'हू इज' किंवा 'व्हॉट इज' अशी सुरुवात करून बोलतो, ते त्या जुन्या घोटाळ्याचे अवशेष आहे.

पण १९६० च्या कायद्याने प्रेक्षकाला कशाची हमी दिली? स्पर्धकाला उत्तर आधी कळलेले नाही, याची. उत्तर खरे आहे याची हमी कोणत्याही कायद्याने दिलेली नाही, देताही येणार नाही. ती राखण करतात ते चाहते. 'जे-आर्काइव्ह' या संकेतस्थळावर त्यांनी पाच लाखांहून अधिक प्रश्न जमवून ठेवले आहेत, उत्तरांसह आणि निकालांसह. ही फावल्या वेळातली हौस म्हणायची तर म्हणावी. पण दफ्तरखाना याहून वेगळा काय असतो? आणि निकाल सदोष होता असे पटल्यावर स्पर्धकाला पुन्हा खेळायला बोलावण्याची रीत त्या कार्यक्रमातही आहे. हरकत घेणारे कोणी नसते तर ती कितपत टिकली असती?

बेथलेहेमचे प्रकरण तर याहून बोलके आहे. १० जानेवारी २०२० च्या भागात प्रश्न होता चौथ्या शतकात बांधलेल्या 'चर्च ऑफ द नेटिव्हिटी'चा. ते कोठे आहे? एकीने 'पॅलेस्टाइन' म्हटले. चूक. दुसऱ्याने 'इस्राएल' म्हटले. बरोबर. झाले! दुसऱ्या दिवसापासून गदारोळ.

बेथलेहेम वेस्ट बँकमध्ये आहे. १९६७ च्या युद्धात इस्राएलने तो प्रदेश ताब्यात घेतला, १९९५ च्या अखेरीपासून त्या शहराचा कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने हे चर्च जागतिक वारसा यादीत घेतले तेव्हा त्यापुढे देश म्हणून पॅलेस्टाइनचेच नाव लिहिले. दुसरीकडे, हा प्रश्न ज्या देशात विचारला गेला त्या अमेरिकेने तेव्हा पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिलेली नव्हती. इमारतीचे म्हणाल तर मूळ वास्तू सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली, आजचे चर्च सहाव्या शतकातल्या पुनर्बांधणीचे. चौथ्या शतकातल्या वास्तूचा पत्ता विचारायचा आणि उत्तर आजच्या नकाशावर घासून पाहायचे, तेही असा नकाशा की ज्यावर जगाचे एकमत नाही!

निर्मात्यांनी नंतर खुलासा केला. चित्रीकरणाच्या वेळीच प्रश्न सदोष असल्याचे लक्षात आले होते, तो रद्द करून दुसरा विचारला होता, पण संकलनातील चुकीमुळे जुनाच भाग प्रसारित झाला. खुलासा खरा मानावा. तरी एक गोष्ट उरतेच. परीक्षकांच्या टेबलाला आपली चूक कळली होती. प्रेक्षकापर्यंत मात्र ठाम आवाजातला 'बरोबर' हा शब्दच आधी पोहोचला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रश्नमंजूषेला एकच उत्तर लागते. सूत्रसंचालक दर प्रश्नाला इतिहासलेखनावर व्याख्यान देत बसला तर कार्यक्रम कोण पाहील? मान्य. पण उपाय अवघड नाही. 'किंग जेम्स आवृत्तीच्या शीर्षकानुसार' एवढे चार शब्द त्या प्रश्नात असते तर निकालावर कोणालाही हरकत घेता आली नसती. साधन सांगून विधान करणे, एवढेच मागणे आहे. ते चार शब्द गाळल्यामुळे एका आवृत्तीचे मत हे जगाचे सत्य होऊन बसते. तक्रार आहे ती यावर.

एवढे सांगितल्यावर चाहत्यांचेही कान धरायला हवेत. कारण सगळेच वाद एवढ्या मोलाचे नसतात.

३१ जुलै २०१३ ला मुलांच्या विशेष भागात लिंकनने युद्धासाठीचा योग्य आणि आवश्यक उपाय म्हणून ज्याचे वर्णन केले, त्या १८६३ पासून अंमलात आलेल्या दस्तऐवजाचे नाव विचारले होते. 'इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन', म्हणजे मुक्तीचा जाहीरनामा. एका आठवीतल्या मुलाने पहिल्या शब्दात 'टी' हे अक्षर जास्तीचे घातले. कार्यक्रमाचा नियम असा, की लेखी उत्तरात स्पेलिंग चुकले तरी चालते, उच्चार बदलता कामा नये. उच्चार बदलला, उत्तर बाद झाले. समाजमाध्यमांवर मुलाच्या बाजूने केवढा आक्रोश!

नियमाप्रमाणे तो निकाल योग्य होता. खेद आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुक्तीच्या जाहीरनाम्याला युद्धाचा उपाय म्हटले गेले, याचा अर्थ काय, हे त्या गर्दीत किती जणांनी विचारले? त्या जाहीरनाम्याने बंडखोर प्रदेशांतल्या गुलामांना मुक्त घोषित केले. संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी या गुलामगिरी चालू असलेल्या राज्यांना तो लागूच नव्हता. देशभर गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. प्रश्नाच्या पोटात एवढा मोठा इतिहास दडलेला होता आणि भांडण झाले एका अक्षरावर.

हे वाचून अमेरिकनांना हसणाऱ्यांनी नोव्हेंबर २०१९ आठवावा. 'कौन बनेगा करोडपती'मध्ये विचारले गेले की यांपैकी कोणता शासक मुघल सम्राट औरंगजेबाचा समकालीन होता. पर्यायांत महाराणा प्रताप, राणा सांगा, महाराजा रणजितसिंह, आणि चौथे नाव नुसतेच 'शिवाजी'. महाराष्ट्र उसळला. बहिष्काराचे हॅशटॅग फिरले. वाहिनीने क्षमा मागितली, अमिताभ बच्चन यांनीही मागितली.

संताप निराधार नव्हता. बाकीच्या तिघांना राणा-महाराजा, औरंगजेबाला सम्राट, आणि राज्याभिषेक करवून घेतलेल्या छत्रपतींनाच बिरूद नाही, हा संपादनाचा सरळ दोष होता. पण क्षमा पदरात पडताच चर्चा संपली. प्रश्न किती दरिद्री होता, हे कोणी काढलेच नाही. राणा सांगा १५२८ मध्ये गेले, महाराणा प्रताप १५९७ मध्ये, रणजितसिंह जन्मले १७८० मध्ये. औरंगजेबाचा काळ १६१८ ते १७०७. मराठ्यांविषयी तीळमात्र माहिती नसलेला माणूसही वजाबाकी करून उत्तर देऊ शकला असता. ज्या राजाच्या मानासाठी एवढे रान उठले, त्याच्याविषयी त्या प्रश्नाने काहीच विचारले नव्हते, आणि याचा राग मात्र कोणाला आला नाही.

महाराजांविषयी 'बरोबर उत्तर' म्हणजे काय असते, हे पाहायचे तर जन्मतिथीचेच उदाहरण घ्यावे. ग्रँट डफच्या १८२६ मधल्या इतिहासात महाराजांचा जन्म १६२७ चा आहे. उत्तरकालीन बखरींतून तेच साल रूढ झाले होते, पाठ केले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्धीस आणली. त्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेची. पुढे परमानंदाच्या 'शिवभारता'तून आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतून तिला दुजोरा मिळाला. तरीही वैशाखाचा पक्ष हटला नाही. वाद अनेक दशके चालला, शासनाने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनमान्य व्हायला चालू शतक उजाडावे लागले. त्यातही १९ फेब्रुवारी ही ज्युलियन गणनेची तारीख. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च भरतो.

१९१५ मध्ये पुण्यात एखादी प्रश्नमंजूषा भरली असती आणि कारीच्या जेध्यांच्या दफ्तरातले ते कागद पाहिलेला एखादा मुलगा तेथे उभा राहून '१६३०' म्हणाला असता, तर परीक्षकांनी त्याला खाली बसवले असते.