कुणाच्या हातचे पाणी?

वारणेच्या खोऱ्यात निसर्गाने पाण्याची कंजुषी कधीच केली नाही. जोतिबाच्या डोंगरावर उभे राहून कोडोलीकडे नजर टाका. नदीकाठापर्यंत ऊसच ऊस दिसतो. वर चांदोलीला ३४ टीएमसीचे धरण आहे, आणि धरण नव्हते तेव्हाही वारणा वाहतच होती. अशा पाणीदार मुलखात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोडोलीत ठाणे घातले आणि दवाखाना काढला. गावकुसाबाहेरची माणसे त्या दारात गेली. त्यांतली काही ख्रिस्ती झाली. तेव्हापासून आजपर्यंत गावोगावच्या पारांवर एकच वाक्य चघळले जाते : ‘घोटभर पाण्यासाठी आणि औषधाच्या बाटलीसाठी धर्म विकला!’ सातासमुद्रापलीकडचे एखादे चर्च कुठल्या गरीब वस्तीत बोअर मारते, तेव्हाही हेच वाक्य नव्या कपड्यांत हजर होते.

या वाक्याला आज उत्तर देणे भाग आहे. माणसाने पाण्यासाठी धर्म विकला असे घटकाभर मान्य करू. मग सांगा, नदीकाठच्या गावात पाणी एवढे महाग कोणी केले? वारणेने केले नाही, पावसानेही केले नाही. ते विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या आमच्या वाडवडिलांनी केले. विकणाऱ्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी भाव ठरवणाऱ्यांची नावे वाचावीत. ती आमचीच आडनावे निघतील.

गावच्या विहिरीवरचा तो जुना देखावा नव्या पिढीला माहीत नसेल, म्हणून सांगतो. बाई घागर घेऊन येते आणि काठापासून लांब उभी राहते. रहाट समोर आहे, दोर आहे, पाणी आहे. पण दोराला हात लावायचा नाही. कुणीतरी ‘वरच्या’ घरची बाई येईल, तिला दया येईल, ती आपली घागर भरून झाल्यावर एक पोहरा वरून ओतील. ओतताना पोहरा घागरीला लागता कामा नये, म्हणून पाणी हातभर उंचीवरून पडणार. निम्मे घागरीत, निम्मे चिखलात. दया आली नाही, तर दुपार. तरीही आली नाही, तर डबक्यातले पाणी, आणि मग पटकी, हगवण, नारू. तहानेल्याला पाणी पाजणे हे मोठे पुण्य, असे आमचा धर्म सांगतो. आमच्या आचाराने मात्र त्या पुण्यालाही सोवळे नेसवले.

उदाहरण नव्हते, ठराव नव्हता असे कुणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८६८ सालीच पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे झाले, कागदावर. त्या कागदाचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो हे पाहायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर महाडच्या सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसले, त्या जागी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले. त्या तळ्यात गुरे उतरत होती. तेव्हा ते बाटले नव्हते! पुढे कोर्टकज्जा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. एवढा काळ ज्याला थांबवून ठेवले, तो माणूस वाटेत दुसऱ्या कुणाच्या दारात पाणी प्यायला, तर त्याला जाब विचारणारे तुम्ही कोण?

कोडोलीकरांना आणि सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याला तर हा जाब विचारण्याचा अधिकार मुळीच नाही, कारण त्यांच्या राजाने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला धंदा घालून दिला : भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल, नाव ‘सत्यसुधारक’. हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. महारा-मांगाच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी त्या दारापुढे थांबू लागली. ‘गंगाराम, चहा आण!’ अशी हाळी रस्त्यावर सर्वांदेखत पडू लागली, आणि महाराजांनी स्वतः घेतलेला चहा बरोबरच्या मंडळींनाही घ्यावा लागला. १९१९ साली संस्थानातले पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूमही निघाले. पण हुकमाने उघडला नसता तो दरवाजा त्या कपाने उघडला.

महाराजांना पटत होते ते आम्हाला अजून पटत नाही. पाणी देण्यात मोठेसे काही नाही. देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. दानाने जात मोडत नाही, उलट ती अधिक सुरक्षित होते. कसोटी लागते ती घेणाऱ्याच्या हातचे पाणी पिताना. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या बाईने आपले पाणी आणि आपला स्वयंपाक किती दिवस वेगळा ठेवला होता, आणि ते वेगळेपण टाकायला तिला स्वतःशी केवढे भांडावे लागले. तिने ते लपवले नाही. आम्ही मात्र ‘आता कुठे जात राहिली’ म्हणून मोकळे होतो.

याच कसोटीवर आम्ही मिशनलाही घासणार आहोत. टाळ्या वाजवण्यासाठी हा अग्रलेख लिहिलेला नाही. आधी श्रेय देऊ. साठच्या दशकातल्या दुष्काळात देशभर बोअर मारल्या गेल्या, १९६७ पासून युनिसेफची यंत्रेही आली. पण बोअरवर बसवले ते बिडाचे नाजूक पंप. ते युरोप-अमेरिकेतल्या एका शेतकरी कुटुंबापुरते घडवलेले होते. आमच्याकडे त्यांच्यावर अख्खे गाव तुटून पडले. पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडू लागले. यावर तोड निघाली ती आमच्या मराठी मुलखात : जालना आणि सोलापूर इथल्या चर्चशी जोडलेल्या पाणीकामातून. पोलादाचा सांगाडा, लांब दांडा, दांड्याला साखळी, बंदिस्त बेअरिंग. सोलापूर पंपाच्या पायावरच सत्तरच्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप जगभर बसले होते. आज अमेरिकेतल्या एखाद्या चर्चने वर्गणी काढून युगांडात किंवा झांबियात हातपंप बसवला, तर अनेकदा तो मूळचा सोलापुरी असतो! परदेशी मिशनच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आणि ‘मागास देशांचा आम्ही उद्धार करतो’ असे मानणाऱ्या परदेशी दात्यांनी, दोघांनीही ही गोष्ट लिहून ठेवावी.

आता दुसरी बाजू. पंप बसवणे म्हणजे पाणी देणे नव्हे. पंप बसतो, फीत कापली जाते, नावाची पाटी लागते, ओल्या अंगाने हसणाऱ्या पोराचा फोटो दात्याकडे रवाना होतो. दोन वर्षांनी वॉशर जातो. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर खालचे सगळे पाइप उपसून काढावे लागतात. त्याला तिकाटणे लागते, चार माणसे लागतात, सुटा भाग लागतो. पाटी लावणारे तोवर दुसऱ्या देशात पोचलेले असतात. २००९ च्या सुमाराचा एक अंदाज आहे : आफ्रिकेतल्या दर तीन हातपंपांपैकी एक बंद होता. त्यांतल्या काही बंद पंपांवर येशूचेही नाव आहे. त्याच्या नावाने एवढे गंज चढलेले लोखंड उभे करण्याचा परवाना कोणी दिला?

शिवाय मिशनने आपला ग्रंथ पुन्हा उघडावा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनात याकोबाच्या विहिरीवर दमून बसतो. शोमरोनी लोक म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटलेले. त्यांच्या भांड्याला स्पर्श नको. तिथे एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. जिवंत पाण्याचे बोलणे मागाहून येते. आरंभी तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते : तू यहुदी, आणि माझ्याकडे मागतोस? भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम चकित झाला असेल तो असाच. ज्या मिशनने देण्याआधी मागण्याचा हा धडा घेतला, त्याचे काम टिकले. अहमदनगरच्या सोशल सेंटरचे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणी वाटले नाही. गावाला डोंगरउतारावर चर खणायला लावले, गाव एकमताने पुढे आले तरच हात घातला. त्यातून नाबार्डच्या साथीने पाणलोटाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, १९९३ साली ‘वॉटर’ संस्था निघाली. तिथेही एक प्रश्न उरतोच : पाणलोटाने विहीर भरते ती जमीनवाल्याची; ज्याला जमीन नाही त्याने चर खणून काय मिळवले? त्याचे उत्तर ज्या गावाने शोधले नाही, त्याची हिरवळ अर्धवटच.

आणि सरकार? सरकारचा न्याय अजब आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ठरवले की अस्पृश्यता फक्त हिंदूची. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती झालेला मात्र अजून बाहेर. म्हणजे गाव त्याला जुन्या जातीने ओळखते, त्याच्या वस्तीचे नाव तेच राहते, पण दप्तरात त्याची जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली! एवढे प्रभावी पाणी सरकारला ठाऊक असेल, तर ते साऱ्या गावावर का शिंपडत नाही?

‘हर घर जल’ची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ची. माणशी रोज ५५ लिटर, मुदत २०२४. ती गेली, आता २०२८ म्हणतात. गावोगाव पाहा, पाइपलाइनचे शेवटचे टोक कुठल्या वस्तीत संपते? दाब कमी झाला की पहिल्यांदा कोणाचा नळ कोरडा पडतो? टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर कधी टाकली, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट जलसुरक्षकाने कधी घेतली, पाण्याच्या शुद्धतेसाठी पंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की लाल, हे त्या टोकाच्या बाईला कोणी सांगते का? निसर्गाने दिलेली नदीही आम्ही शुद्ध ठेवली नाही. पंचगंगेत मेलेले मासे तरंगतात, इचलकरंजीने २०१२ साली काविळीची साथ भोगली. मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो वीस लिटरचा जार विकत घेतो. तो जार कुणी भरला, कुणी धुतला, कुणाच्या हातचा, हे कोणी विचारत नाही. ज्या सोवळ्यासाठी पिढ्या तहानलेल्या ठेवल्या, ते तीस-चाळीस रुपयांत सुटते!

तेव्हा ‘धर्म विकला’ हे वाक्य यापुढे बंद. कोडोलीच्या आणि प्रत्येक गावच्या ग्रामसभेत येत्या खेपेला दोन ठराव मांडा. एक : दाब कमी असेल त्या दिवशी पाणी आधी शेवटच्या वस्तीला सुटेल. दोन : ओटी टेस्टचा आकडा रोज चावडीच्या फळ्यावर लिहिला जाईल. तिसऱ्या कामाला ठराव नको. चैत्रात सासनकाठ्या निघतील, लाखो पाय जोतिबाचा डोंगर चढतील आणि ऊन टाळूवर येईल. ज्या वस्तीत तुमच्या घरच्या कोणी आजवर पाणी प्यायले नाही, तिथे थांबा, दारातल्या बाईला ‘मावशी, तांब्याभर पाणी द्या’ म्हणा, आणि तांब्या तोंडाला लावा. नंतर मिशनबद्दल काय बोलायचे ते बोला.