तीच ती, की दुसरीच?

जुने वाहन विकत घेण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांत एकदा तरी येतोच. अशा वेळी वाहनाभोवती एक लहानसे पंचमंडळ जमते. कोणी टायर दाबून पाहतो, कोणी बॉनेट उघडून इंजिनाकडे गंभीर मुद्रेने दृष्टी लावतो, आणि ज्याला यांतील काहीच कळत नाही तो आर. सी. बुक हाती घेऊन आधीच्या मालकांची नावे मोजीत बसतो. आमच्या मते या मंडळींत खरा पारखी हा तिसराच होय. इंजिनाचा आवाज गाडीची आजची अवस्था सांगतो. तिची कालची हकीकत मात्र कागदांवाचून कळत नाही.

घरगुती मोटारीच्या बाबतीत ही हकीकत थोडी धूसर राहिली तरी फारसे बिघडत नाही. शर्यतीत नाव कमावलेल्या मोटारीची गोष्ट वेगळी. तिची किंमत तिच्या उपयोगावर ठरत नाही, पूर्वायुष्यावर ठरते. आणि ते पूर्वायुष्य जितके पराक्रमी, तितकी तिची मोडतोडही मोठी. कारण शर्यतीची गाडी जपून ठेवण्यासाठी कोणी बांधीत नाही. प्रत्येक शर्यतीनंतर झिजलेले भाग निघतात, नवे बसतात. प्रत्येक नवा मालक आपल्या सोयीने व हौसेने आणखी काही बदलतो. अशी पाच-सहा हातांतून फिरलेली गाडी समोर उभी राहिली, म्हणजे पारख करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो हा की, ही तीच गाडी आहे काय?

हा प्रश्न १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर एक कोटी पौंडांचा सौदा अवलंबून होता. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार' या नावाने नोंदला गेला आहे.

गाडी होती बेंटले कंपनीची, 'स्पीड सिक्स' जातीची, साडेसहा लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असलेली. तिला सारे 'ओल्ड नंबर वन' म्हणत. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तास अखंड चालणारी जी शर्यत होते, ती या गाडीने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा चालक म्हणून वुल्फ बार्नाटो होता. पहिल्या वर्षी टिम बर्किन त्याचा जोडीदार, दुसऱ्या वर्षी ग्लेन किड्‌स्टन. बार्नाटो हा नुसता चालक नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून वडिलांनी मिळविलेली संपत्ती बेंटले कंपनीत ओतून तो तिचा अध्यक्ष झाला होता. १९३१ साली ती कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या हाती गेली. पण त्याच वर्षी या गाडीने इंग्लंडमधील ब्रुकलँड्‌स येथील पाचशे मैलांची शर्यतही जिंकली.

पुढच्याच वर्षी, १९३२ च्या सप्टेंबरात, त्याच शर्यतीत तिचा घात झाला. तोवर तिला आठ लिटरचे इंजिन बसविलेले होते. ब्रुकलँड्‌सच्या वर्तुळाकार मार्गाची वळणे काँक्रीटची आणि बशीच्या काठासारखी वर चढत गेलेली. अशा एका वळणावर गाडी वरच्या कडेपलीकडे गेली आणि क्लाइव्ह डनफी या तरुण चालकाचा अंत झाला. बार्नाटोने ती मोडकी गाडी पुन्हा बांधवून घेतली. मात्र आता शर्यतीच्या उघड्या गाडीचे रूप जाऊन ती बंद छताची, रस्त्यावर फिरण्याजोगी मोटार झाली. त्यानंतरची अनेक वर्षे ती या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहिली.

एप्रिल १९९० मध्ये तिच्या तेव्हाच्या मालकाने ती एका कंपनीला विकण्याचा करार केला. पुढे खरेदीदार कंपनीने हात आखडता घेतला. आपल्याला 'ओल्ड नंबर वन' विकण्याचे ठरले होते, आणि ही गाडी ती नव्हेच, असे तिचे म्हणणे. हा बचाव पोकळ नव्हता. १९३० साली ल मां येथे जी गाडी धावली, तिच्यातले आता काय उरले आहे याची तज्ज्ञांनी मोजदाद केली, तेव्हा गिअर-बॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा दांडा अशा मोजक्या वस्तूंपलीकडे हाती काही लागेना. इंजिन वेगळे, बॉडी वेगळी, खुद्द सांगाडाही बदललेला. मग जिंकली ती कोण, आणि समोर उभी आहे ती कोण?

वाचकांपैकी काहींना येथे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाचे स्मरण झाले असेल. यवन राजा मिलिंद रथात बसून भिक्षु नागसेनाच्या भेटीस येतो. नागसेन त्याला विचारतो, राजा, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी, जू, सांगाडा, यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. आणि अखेर मान्य करतो की, या साऱ्यांच्या आश्रयाने चालणारे 'रथ' हे एक नाव आहे. ग्रीकांनीही हाच प्रश्न थीसिअसच्या जहाजाविषयी विचारला होता: एकेक फळी बदलत सर्व फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचेच दुसरे जहाज उभे केले, तर दोहोंपैकी खरे कोणते? जुन्या मोटारींच्या व्यापारात हा पेच नुसता कल्पनेतला नाही. एकाने जुना सांगाडा उचलायचा, दुसऱ्याने इंजिन, आणि दोघांनीही एकाच क्रमांकावर हक्क सांगायचा, असे तंटे तेथे झालेले आहेत.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. त्यांच्या निर्णयाचे मर्म दोन शब्दांच्या भेदात आहे. या गाडीला 'मूळ' म्हणता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. कारखान्यातून निघाली तेव्हाचे द्रव्य तिच्यात शिल्लक नाही. परंतु ती 'अस्सल' आहे. जे जे नवे भाग बसले ते चालत्या गाडीत बसले आणि तिच्याशी एकरूप झाले. तिचे आयुष्य कोठेही तुटले नाही, ती दुसऱ्या कोणत्या गाडीत विरून गेली नाही, आणि 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटले जगात कोठे नव्हती. शिवाय त्यांनी असेही म्हटले की, विक्रीस निघाला होता तो केवळ धातू नव्हे; तिचा इतिहास व लौकिक हेही त्या सौद्यात होते.

'अस्सल' हा शब्द आम्ही येथे योजला, तोही गमतीचा आहे. तो अरबीतून आपल्याकडे आला. तेथील 'अस्ल' म्हणजे मूळच. पण मराठीत नांदता नांदता त्याच्या अर्थाची छटा बदलली. अस्सल नाणे, अस्सल माणूस असे आपण म्हणतो, तेव्हा उगमापेक्षा खरेपणाच मनात असतो.

अनेक मालकांची गाडी पारखावयाची ती याच दृष्टीने. जाणते लोक प्रथम सांगाड्यावर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक पाहतात. आकड्यांचे वळण त्या काळच्या त्या कारखान्याचे आहे की मागाहून कोणी कोरले, हे बारकाईने तपासतात. रंगाखाली वेल्डिंगचे डाग शोधतात. नंतर कागद मांडतात: कारखान्याची नोंद, नोंदणीपुस्तक, विक्रीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले, शर्यतींतील छायाचित्रे. खरे लक्ष असते ते मधल्या कोऱ्या जागेकडे. आमच्या शाळेत चार गावे हिंडून आलेला मुलगा प्रवेशाला येतो तेव्हा आम्ही टी. सी. वरील गुण शेवटी पाहतो. आधी तारखा जुळवतो. मधले एक वर्ष गायब असेल तर ते कोठे गेले, हे विचारल्यावाचून पुढे जात नाही. गाडीच्या चार मालकांमध्ये दहा वर्षांचे अंतर कोणालाच भरता आले नाही, तर तकतकीत रंग पाहून भुलू नये. उलट, इंजिन अमुक साली बदलले, त्याचे हे बिल, असे जो सांगतो, त्याच्या गाडीची किंमत कमी धरण्याचे कारण नाही.

'मूळ' हा शब्द किती निसरडा आहे, याचा एक दाखला आपल्या इंदुरातच आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांची केशरी-काळ्या रंगाची डुसेनबर्ग मोटार मोटारशौकिनांच्या जगात आजही विख्यात आहे. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेतील इंडियानापोलिसचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविलेली, आणि मालक इंदूरचे. पुढे ती पुन्हा अमेरिकेत गेली. तिचे मूळ गाव कोणते म्हणावे? त्या काळी उंची मोटारींची रीतच अशी होती: सांगाडा एकाचा, बॉडी दुसऱ्याची. म्हणून बॉडी बदललेली दिसली की गाडी खोटी, असा निवाडा करता येत नाही.

आपल्याकडील नियम याहून कडक आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली आणि त्यांच्या क्रमांकांत 'व्ही. ए.' ही अक्षरे घालण्याचे ठरविले. पण वाहन मूळ स्वरूपात राखलेले हवे. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. या अटीपुढे ल मां दोनदा जिंकणारी ती बेंटलेसुद्धा अडली असती. सरकारी नोंदीला मोजता येईल असे काहीतरी लागते, हे आम्ही समजू शकतो. तरी या दोन न्यायांत आमचा कौल ऑटनसाहेबांना आहे, आणि त्याचे कारण मोटारीपुरते नाही.

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे आपल्या इंदुरी मराठीला हसतात. 'मी येऊन राहिलो आहे' असे कोणी म्हटले की ही मराठी नव्हेच, असा शेरा मिळतो. माळव्यात येऊन आपल्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. या मुदतीत पुष्कळ भाग बदलले, काही शब्द हिंदीचे बसले, जेवणात पोहे-जिलबी आली. मूळ असल्याचा दावा आपण करू नये. पण चालती भाषा मध्येच सोडून देऊन पुढे दुसरीकडून उसनी आणली, असे घडलेले नाही. ती आजीकडून नातीकडे हातोहात आली आहे. धोका बदललेल्या शब्दांचा नाही. एखादी पिढी मराठी न बोलताच गेली, तर जी कोरी जागा पडेल तिचा आहे. ती मागाहून कोणत्याही रंगाने भरता येत नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, यंदा दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेटीतील पत्रे, गावाकडील कागद, आजोबांच्या पहिल्या सायकलीची पावती रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावीत. वाचून झाल्यावर प्रत्येक कागदावर साल आणि नाव लिहून ठेवावे.