देवडी आणि दिंडी

हडपसरास आम्ही राहावयास आलों तेव्हां कालव्याच्या अंगास ऊंस व भाजीपाला दिसे. पुढें मगरपट्ट्यांतील शेतकऱ्यांनीं आपल्या सुमारें ४०० एकर जमिनी विकून न टाकतां एकत्र केल्या, आणि २००० सालच्या सुमारास तेथें नवें नगर वसूं लागलें. पाटाचें पाणी कोणाच्या वाफ्यांत केव्हां सोडावें ह्याची जेथें पाळी ठरे, तेथें आतां कांचेच्या इमारतींत बसून परदेशांतील यंत्रांचे व्यवहार चालतात. आमची सूनबाई अशाच एका कचेरींत आहे, आणि आठवड्यांतील दोन-तीन रात्रीं ती घरूनच काम करते.

गेल्या भाद्रपदांत, गौरी जेवल्या त्या दिवशीं, आम्हीं पंक्तींतच बोलून गेलों, "रात्र-रात्र बसून करतेस तरी काय?" ती वाढतां वाढतां म्हणाली, "दारं सांभाळते, बाबा." उत्तर आम्हांस उर्मटपणाचें वाटलें. वडील वहिनींनीं भुंवई वर केली. ती पाहून सून मुकाट्यानें आंत गेली.

त्याच रात्रीं अडीचाच्या सुमारास आम्ही पाणी प्यावयास उठलों, तों तिच्या खोलींत दिवा. कपाळाला हात लावून ती पडद्याकडे पाहात बसली होती. विचारलें तेव्हां म्हणाली, "बाबा, मी दाराला आंतून कडी घातली, आणि स्वतःच बाहेर राहिले."

प्रकार असा होता. जर्मनींतील एका सर्व्हरची दुरुस्ती चालू होती. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांच्या मागणीप्रमाणें माहिती पुरविणारें यंत्र. शब्द लॅटिनमधील सेवावाचक धातूपासून आलेला. गीतेनें देहाला नऊ द्वारांचें नगर म्हटलें. अशा यंत्राच्या दारांना क्रमांक असतात, आणि ते ६५,५३५ पर्यंत जातात. त्यांस पोर्ट म्हणतात. गिऱ्हाइकें बहुधा ४४३ क्रमांकाच्या दारानें येतात. देखभाल करणाराचें दार बहुतकरून २२. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. पूर्वीं दूरच्या यंत्रांत शिरावयाचें तर टेलनेट नांवाच्या रीतीनें परवलीचा शब्द उघडाच जाई, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. १९९५ सालीं फिनलंडांतील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांत असे शब्द चोरीस गेले. तेव्हां तेथील टाटू युलोनेन ह्यांनीं सर्व संभाषण गूढ लिपींत नेणारी एसएसएच ही रीत रचिली. २१ व २३ हे क्रमांक अगोदरच गेलेले होते. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनीं मागून घेतला.

ह्या दारांवर पहारा करणाऱ्या व्यवस्थेस फायरवॉल म्हणतात. 'अग्निभिंत' हा प्रतिशब्द आम्हांस रुचत नाहीं. ऐकणारा तो षष्ठीनें सोडवितो आणि अग्नीचीच भिंत समजतो. मुळांत ती आग पलीकडे पसरूं नये म्हणून बांधलेली भिंत आहे. आणि यंत्रांतलें काम तर उघडउघड वाड्याच्या देवडीचें: कोण आला, कोठून आला, सोडावा कीं परतवावा. तें धरलें, कीं बाविसावें दार म्हणजे मोठ्या दरवाजांतील दिंडी. सूनबाईनें देवडीवरचे हुकूम बदलतांना दिंडी सर्वांना बंद केली, आणि त्या 'सर्वां'मध्यें ती स्वतःहि आली.

"यंत्र बंद पडलें काय?" आम्हीं विचारलें. तिनें पिंग करून दाखविलें. ही एक लहानशी हांक आहे. पलीकडचें यंत्र जागें असलें व त्याला मनाई नसली, तर तें 'ओ' देतें. माईक म्यूस ह्यांनीं ती १९८३ सालीं रचिली, आणि पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचें नांव ठेविलें. 'ओ' येत होती. घरांत माणूस जागा आहे, पण दार उघडत नाहीं, अशी गत! दुकान अर्धवट दुरुस्तींत बंद, आणि तिकडे उजाडण्यापूर्वीं तें उघडावयाचें होतें.

मात्र हुकूम बदलण्यापूर्वीं तिनें आंत एक तजवीज करून ठेविली होती: दहा मिनिटांत आपण स्वतः रद्द केलें नाहीं, तर जुने हुकूम आपोआप परत लागूं व्हावे. ती तजवीज नीट लिहिली गेली आहे कीं नाहीं, हीच तिची चिंता. आम्ही स्टूल ओढून शेजारीं बसलों. चार मिनिटें उरलीं होतीं. कोणी बोललें नाहीं. मग काळ्या पडद्यावर एकदम ओळ उमटली, आणि मुलीनें पदराऐवजीं ओढणीनें डोळे पुसले.

पंक्तींतला आमचा प्रश्न आम्हीं दुसऱ्या दिवशीं पंक्तींतच, वहिनींदेखत, परत घेतला.

तेव्हांपासून सायंकाळीं आमचा शब्दांचा उद्योग चालतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचिला. त्याचे दहा वर्ग, शब्द सुमारें चौदाशें. पण सरनोबताचा सेनापति झाला तो पद्यामुळें नव्हे, दरबारानें शब्द वापरला म्हणून. सावरकरांचा 'महापौर' रुळला. 'दूरध्वनि' कागदोपत्रींच राहिला, घरांत फोनच वाजतो. म्हणून सर्व्हरला आम्हीं हात लावीत नाहीं. 'डीमन' ह्या शब्दावर मात्र घटकाभर रमलों. कोणी न बोलावतां पडद्याआड अखंड काम करणारा तो प्रोग्राम. नांवावरून वाटतें राक्षस, परंतु ग्रीकांचा मूळ डायमोन देव आणि मानव ह्यांच्या मधला, बरावाईट कसाहि. आपल्याकडे ऋग्वेदांत वरुणाला लागलेला 'असुर' शब्द पुढें असाच खालीं घसरला. वहिनी कोंकणच्या, त्या चटकन् म्हणाल्या, "म्हणजे राखणदार!" इतका नेमका प्रतिशब्द आम्हांस तरी सुचला नसता.

काल होस्ट निघाला. सूनबाईच्या पडद्यावर प्रत्येक ओळीच्या आरंभीं ज्या यंत्रांत आपण आहों त्याचें नांव असतें, आणि तें वाचल्यावांचून ती कोणतीहि आज्ञा सोडीत नाहीं. एकाऐवजीं दुसऱ्याच यंत्रांतलें सारें पुसलें जावयाचें. आम्हीं सांगितलें, होस्ट म्हणजे यजमान. वहिनींनीं पन्नास वर्षांत आमच्या वडील बंधूंचें नांव उखाण्याखेरीज घेतलेलें नाहीं. त्या सुनेला म्हणाल्या, "आणि तूं ओळीओळीला घेतेस?"