नवा पीसी? थांबा, आधी झाकण तर उघडा!

पीसीचं बटण दाबायचं, किचनमध्ये जाऊन चहाचं आधण ठेवायचं, चहा उकळून कपात आला तरी स्क्रीनवरचं ते गोल गोल चक्र फिरतंच आहे! घरोघरी हेच चालू असतं. मग ऑफिसात लंचटाइमला विषय निघतो आणि शेजारच्या डेस्कवरचा तज्ज्ञ डबा उघडता उघडता निकाल देऊन टाकतो, 'फेकून दे रे तो डबा. नवीन घे. नो कॉस्ट ईएमआय आहे ना!'

बॉस, या 'नो कॉस्ट'वर जरा थांबू या. बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो आणि रोख घेतलं असतं तर मिळाला असता तो डिस्काउंट गायब होतो. आधीच फ्लॅटचा नाही तर बाइकचा हप्ता चालू आहे, त्यात चाळीस-पन्नास हजारांची ही नवी पाहुणी कशाला? त्यातून पुष्कळदा पीसी म्हातारा झालेलाच नसतो. त्याचा एखादाच पार्ट सगळ्यांना अडवून बसलेला असतो. तो कोणता, ते शोधायला इंजिनीअर लागत नाही. पैसेही लागत नाहीत.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर क्लिक करा आणि नेहमीचं काम चालू ठेवा. ब्राउझरचे दहा टॅब, एक्सेल, गाणी, जे काय रोज करता ते सगळं. डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांना टेकत असेल तर चोर हार्ड डिस्क. मेमरी ८५-९०च्या खाली येतच नसेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयूच वर चढून बसला असेल तर मामला जरा खर्चिक. पण घरच्या साध्या वापरात तसं फार क्वचित दिसतं.

बहुतेक जुन्या मशीन्समध्ये पहिलाच प्रकार सापडतो. हार्ड डिस्क म्हणजे आत खरोखरची तबकडी असते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी, आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारा एक हेड. ग्रामोफोनच्या घराण्यातलंच प्रकरण म्हणा ना! फाइलचा एक तुकडा शोधायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे गोळा करावे लागतात आणि तिथेच तुमचा चहा उकळून थंड होतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा चिप्सचा खेळ. तोच तुकडा ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास काढून देते. त्यामुळे एकच पार्ट बदलायचे पैसे असतील तर डोळे मिटून एसएसडी घ्या. दुसऱ्या कुठल्याही अपग्रेडने एवढा फरक पडत नाही.

दुकानदार विचारेल, 'साटा की एनव्हीएमई?' गोंधळून जाऊ नका. साटा एसएसडी अडीच इंची, चपटी, जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलवर बसते आणि सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमई च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसते आणि थेट मदरबोर्डच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये बसते. तिचा वेग ३,५०० एमबी आणि त्याच्याही पुढे. आकडे भारी आहेत, पण ईमेल, एक्सेल आणि सिनेमे एवढंच करणाऱ्याला दोन्हींतला फरक जेमतेम जाणवतो. जुन्या मदरबोर्डवर हा स्लॉटच नसतो. काही बोर्डांवर असतो, पण तो फक्त साटावाल्या पट्टीला ओळखतो. म्हणून घरून निघण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल लिहून घ्या. सीपीयू-झेड नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर ते लगेच सांगतं.

आणि विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागेल का? नाही. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. डिस्क बदलून नवीन इन्स्टॉलेशन केलं, इंटरनेट जोडलं की ती स्वतःच आपल्याला ओळखते. 'विंडोजचे वेगळे पडतील' असं कुणी म्हणालं तर गोड हसून पुढच्या दुकानात जा.

आता रॅम. ४ जीबीवर आजचा ब्राउझर चालवणं म्हणजे वन रूम किचनमध्ये लग्नाचं वऱ्हाड उतरवणं. ८ जीबीत घरचं काम निभतं, १६ जीबीत मजेत चालतं. त्याच्या पुढचं व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी आणि गेमर्सनी बघावं. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, जोर लावलात तर काहीतरी तुटेल एवढंच. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलंत की किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. शक्यतो दोन सारख्या पट्ट्या लावा. ड्युअल चॅनलमुळे, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये, चांगला फायदा होतो. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. आणि फार स्लिम लॅपटॉप असेल तर आधी चौकशी करा, कारण अशा बऱ्याच मॉडेल्सची रॅम बोर्डावर सोल्डरच केलेली असते.

भावाचं मात्र वाईट झालंय. २०२३ मध्ये २४०-२५६ जीबीची साधी एसएसडी दीड हजाराच्या आसपास मिळायची आणि रॅमचं कुणी टेन्शन घेत नव्हतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स ओढायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कितीतरी बजेट पीसींना हात देणारा ब्रँड होता तो! म्हणूनच जुन्या मशीनमधली चालू रॅम पट्टी दुकानदाराला फुकटात देऊन येऊ नका.

डोंबिवलीतल्या माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. घरी बाबांनी २०१४ साली घेतलेला पीसी. चौथ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. धाकटा भाऊ त्यावर लेक्चर्स बघायचा आणि दर पाच मिनिटांनी कपाळावर हात मारायचा. मे २०२५ मध्ये तिने नव्या मशीनचं कोटेशन आणलं, पंचेचाळीस हजार. मी गेले आणि आधी क्रिस्टल डिस्क इन्फो चालवलं. हे सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. पिवळा शेरा आला, 'कॉशन'. डिस्कवरचे काही सेक्टर वाचताच येत नव्हते. मी विचारलं, हिच्यावर काय काय आहे? ती एकदम गप्प झाली. डी ड्राइव्हमध्ये बाबांचे फोटो होते. बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाचे, कोकणातल्या घराचे, तिच्या साखरपुड्याचे फोटो. दुसरी कॉपी कुठेही नव्हती.

नवा पीसी आला असता तर हा जुना सरळ भंगारवाल्याकडे गेला असता, किंवा माळ्यावर पडून राहिला असता. आम्ही तो लगेच बंद केला. अशा डिस्कवर चाचण्या करत बसायचं नसतं, जितकी चालवाल तितकी ती खचते. दुसऱ्या दिवशी तिने १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली आणि सगळ्यात आधी फोटोंचं फोल्डर उचललं. चार फाइल्स गेल्या, बाकी सगळ्या आल्या. मग २५६ जीबीची एसएसडी आणि डीडीआर ३ ची एक सेकंडहँड पट्टी, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. त्या बॅकअपच्या डिस्कला अपग्रेडपेक्षा जास्त पैसे पडले! पण आधी तीच घ्यायची असते. फोटोंची आणखी एक कॉपी तिने काकांच्या घरी ठेवलीय.

त्या पीसीत आता लिनक्स मिंट आहे, त्याचंही कारण सांगायला हवं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने त्यानंतर एका वर्षाच्या जादा सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली, पण तो फक्त टेकू. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. पुष्कळ मशीन्समध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद केलेलं. इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने शोधा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की हो-नाही कळतं. उत्तर 'नाही' असेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल, तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि जुन्या मशीनवर गुणी बाळासारखं चालतं. मात्र टॅली किंवा ठरावीक विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल तर त्या वाटेला जाऊ नका, मग नव्या मशीनचा विचार करणंच रास्त.

सीपीयू बदलायचाय? एएम ४ सॉकेटवाल्यांची चंगळ आहे. २०१७ च्या सुमाराला घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका चालते. इंटेलवाल्यांना हे सुख नाही. सहावी-सातवी आणि आठवी-नववी जनरेशन दिसायला एकाच सॉकेटची, पण एकमेकांच्या बोर्डांवर चालत नाहीत. ग्राफिक्स कार्ड गेमिंग नाहीतर एडिटिंग करणाऱ्यांनीच घ्यावं. सेकंडहँड घेताना ते मायनिंगमध्ये राबलंय का ते जरूर विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात ढिगाने आली होती. आणि कार्ड घ्याल तर कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्तातल्या एसएमपीएसच्या भरवशावर राहू नका. त्यावर छापलेले वॅट पुष्कळदा फक्त छापलेलेच असतात. तो फुटला तर जाताना बोर्डालाही घेऊन जातो.

हे सगळं करण्याआधी झाकण मात्र उघडाच. वर्षानुवर्षांची धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वायर काढा, मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या, हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवीन लावा, मटाराच्या दाण्याएवढी पुरे. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही! शे-दोनशे रुपयांत उन्हाळ्यात हँग होणारे पीसी सरळ झालेले मी पाहिलेत.

खरेदीला मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडच गाठावा. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून हे नाव विचाराल तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील. तीन-चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नका. जीएसटीचं बिल घ्याच, कारण वॉरंटी मागायला गेल्यावर बिलच विचारतात. 'बिलाशिवाय दोनशे कमी' ही ऑफर तीन वर्षांच्या वॉरंटीवर पाणी सोडायला लावते. सेकंडहँड एसएसडी घेत असाल तर दुकानातच क्रिस्टल डिस्क इन्फो लावायला सांगा, किती तास चाललीय तो आकडा समोर येतो. दुकानदार कुरकुरला तर समजून जा.

आणि हो, शनिवारीच जा. रविवारी तिथली बरीचशी शटर्स खाली असतात.