फेस्ताचा मांडव कुणाच्या पैशाचा?

आमच्या चर्चच्या फेस्ताच्या मांडवाला यंदा एका इच्छुक उमेदवाराचा फोटो लागला. सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीहून मोठा. मांडव, जनरेटर, लाउडस्पीकर, रात्रीचं जेवण, सगळा खर्च त्यांचा. मिस्सा संपल्यावर त्यांना वेदीच्या पायऱ्यांवर बोलावलं, शाल घातली, माइक हातात दिला. ते निवडणुकीवर बोलू लागले तसा मी बाकावरून उठून बाहेर आलो. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी उळवीच्या बाजूचा शेतकरी. घरात कोकणी, शाळा मराठीत, जमिनीचे कागद कन्नडात. आमचा भाग कारवार धर्मप्रांतात येतो. १९७६ साली तो बेळगावपासून वेगळा झाला. ख्रिस्ती घरं थोडी आणि रानात विखुरलेली. फादरांची अडचण मला दिसते. छप्पर गळतं, जीप जुनी झाली आहे, दानपेटीत चिल्लर पडते. कुणी मोठी रक्कम घेऊन दारात उभा राहिला की नाही म्हणणं जड जातं.

पण फेस्त आजवर उभं राहिलं ते दारोदारच्या वर्गणीवर. कुणी पायलीभर तांदूळ द्यायचं, कुणी नारळ, कुणी मांडवाला बांबू. वहीत सगळं लिहिलेलं असायचं आणि पुढच्या रविवारी ते वाचून दाखवलं जायचं. इथल्या सिद्दी समाजाच्या घरांकडून पैसे कमी यायचे, पण दमाम त्यांचा असायचा. मिरवणुकीपुढे तो मोठा ढोल घुमू लागला की सिद्दी बाया नाचायला उतरायच्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, तिन्ही सिद्दींचा दमाम एकच, त्यामुळे फेस्ताला शेजारपाजारची माणसंही यायची. यंदा मिरवणुकीपुढे उमेदवाराने पाठवलेला डीजे होता. दमामवाल्यांना सांगितलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते दमाम खांद्यावर घेऊन आले होते, तसेच परत गेले.

परंपरेवरून जगभरच्या चर्चमध्ये भांडणं आहेत. लॅटिनमधली जुनी मिस्सा कुठे आणि कुणाच्या परवानगीने व्हावी यावर पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१ मध्ये कडक नियम घातले आणि युरोप-अमेरिकेत अजून त्यावर वाद चालतो. आमचा वाद लॅटिनचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच लोकांचं स्वतःचं संगीत आणि वाद्यं यांना उपासनेत जागा दिली. दमाम बसवायचा की नाही हे फादर आणि पॅरिशची माणसं बसून ठरवू शकतात, मतभेदही होऊ शकतात. यंदा मात्र ते ठरवलं डीजेचे पैसे देणाऱ्याने. माझा आक्षेप इथे आहे.

फादर म्हणतात, देणगी नाकारता येत नाही. चर्चचा कायदा तसं म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेतलं १२६७ वं कलम सांगतं की योग्य कारण असल्याशिवाय देणगी नाकारू नये. निवडणुकीच्या तोंडावर आलेला उमेदवाराचा पैसा याहून योग्य कारण कुठलं? त्याच संहितेत १२८७ व्या कलमात आहे की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. म्हणजे वही वाचून दाखवण्याची आमची जुनी रीत चर्चच्या कायद्यालाही हवीच आहे.

देशाचा कायदा तर आणखी स्पष्ट आहे. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा १९८८ पासून लागू आहे. देवळाची, मशिदीची, चर्चची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही आणि संस्थेचा पैसा कुठल्याही पक्षाच्या कामी लावता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. संस्थेचा कारभार पाहणारा धर्मगुरूही त्याच्या कक्षेत येतो. वेदीच्या पायऱ्यांवरचा तो माइक म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही.

याचा अर्थ फादरांनी तोंड मिटून बसावं असा मुळीच नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, बिल्डर आणि राजकारणी यांच्या दडपणापुढे नमले नाहीत, पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जमीन, पाणी, रान यांवर आमच्या फादरांनीही बोलावं. काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं. विस्थापितांचे प्रश्न आमच्या तालुक्याला नवे नाहीत. पण ज्याच्या पैशावर मांडव उभा राहिला त्याच्याविरुद्ध उद्या कसं बोलणार? फादरांनी आपल्या खिशातून एखाद्या पक्षाला देणगी देणंही मला पटत नाही. नागरिक म्हणून त्यांना मत आहे आणि ते त्यांनी जरूर द्यावं. पण आमच्याकडे फादरांचा खिसा आणि चर्चची तिजोरी यांतला फरक कुणी करत नाही, आणि कॅनन लॉचं २८७ वं कलम धर्मगुरूंना पक्षीय राजकारणात उतरण्यापासून लांबच ठेवतं.

खर्च करणारा हुकूम चालवतो, हे आमच्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना नव्याने सांगायला नको. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडच्या चर्चचा खर्च उचलला आणि त्या बदल्यात बिशप नेमण्याचा हक्क घेतला, तोच पाद्रोआदो. पुढे रोमने आपले धर्मगुरू पाठवले तेव्हा कुणाचं ऐकायचं यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे झाले. मुंबईत तर एकाच शहरातल्या ख्रिस्ती लोकांवर दोन अधिकार चालत होते, ते १९२८ च्या करारापर्यंत.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले, कारण पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळलं पाहिजे. मग चर्चला पैसा कोण देतो हे पॅरिशच्या माणसांना का कळू नये?

पॅरिशच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे. यंदाच्या फेस्ताचा जमाखर्च, उमेदवाराने केलेल्या खर्चासकट, मिस्सेनंतर वाचून दाखवावा. पदावर असलेल्या किंवा पद मागणाऱ्या कुणाकडूनही फेस्तासाठी पैसा वा सामान घेऊ नये. बाकी ज्यांना द्यायचं आहे त्यांनी वहीत लिहून द्यावं, फोटो नाही, शाल नाही. आणि दमामवाल्यांच्या वाड्यावर फादरांनी स्वतः जाऊन पुढच्या फेस्ताचं आमंत्रण द्यावं. मांडव लहान झाला तर होऊ दे. बांबू माझ्या रानातले देतो.